पाहुणा कुणाच्या घरी जेवणार?

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखक कोकण किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठ-परिसरात पदार्थविज्ञान शिकवतात. 'संगणकीय विज्ञान' या दोन वर्षांच्या नव्या एम.एस्सी.चं समन्वयकपद त्यांच्या गळ्यात पडलं आहे. पाच पदं मंजूर झाली आहेत: एक सहयोगी प्राध्यापक, चार सहायक प्राध्यापक. ती कुठे बसवायची, यावर चार महिने घोळ चालू आहे. गणिताचे विभागप्रमुख म्हणतात, समीकरणं आकडेमोडीने सोडवणारं न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस आमचं, तेव्हा निदान एक पद आमचं. संगणकवाले म्हणतात, कोड लिहिणारी माणसं आमच्याकडेच शोभतात. प्राणिशास्त्रवाले म्हणतात, मासळीची वीस वर्षांची आकडेवारी आमच्या कपाटात आहे, तिच्याशिवाय तुम्ही मॉडेल कशाचं करणार? व्यवस्थापन परिषदेतल्या एका सदस्यांचं म्हणणं, पाचही माणसं संगणकशास्त्राची घ्या, नाहीतर मुलं येणार नाहीत. पत्रलेखकांना स्वतंत्र विभाग हवा आहे, पाचही पदं त्यातच. 'संयुक्त पदं केली तर दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी नव्या मुलांची गत होईल,' असं ते लिहितात. शेवटी जाताजाता एक ओळ आहे: 'आमच्याकडे एक बाई नऊ वर्षं तासिका तत्त्वावर प्रोग्रामिंग शिकवतात, त्यांचंही काय ते बघायला हवं.'

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची बाजू पटली, दुसऱ्यांदा गणिताच्या विभागप्रमुखांची. मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे हा पक्षपात आधीच कबूल करून टाकते.

त्यांच्या मागणीला तुम्ही 'अहंकाराचं भांडण' म्हटलं आहे. मला त्यात भीती जास्त दिसते. आपल्याकडे पद टिकतं ते कार्यभारावर, म्हणजे विभागाच्या वाट्याला येणाऱ्या शिकवण्याच्या तासांवर. न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसचा पेपर उद्या तुमच्या नव्या विभागात गेला, की गणिताच्या तक्त्यातले चार तास गेले. स्टॅटिस्टिक्स गेलं की आणखी चार. पुढच्या कार्यभार तपासणीत त्यांच्याकडचा सगळ्यात शेवटी लागलेला मुलगा अतिरिक्त ठरू शकतो. विभागप्रमुख हे बैठकीत बोलत नाहीत, कारण ते बोलणं बरं दिसत नाही. ते 'विषयाची शुद्धता' वगैरे बोलतात. तुम्ही शुद्धतेला उत्तर देत बसलात तर आणखी चार महिने जातील. तासांना उत्तर द्या.

मी तुमच्या वतीने थोडं गणित मांडून पाहिलं. आकडे तुमच्या अभ्यासक्रमाप्रमाणे बदलून घ्या. नव्या रचनेत सत्राला 22 श्रेयांक (क्रेडिट) धरू. त्यातले 14 सिद्धान्ताचे, 4 प्रात्यक्षिकाचे, उरलेले 4 प्रकल्पाचे. दोन्ही वर्षांचे वर्ग एकाच वेळी चालणार, म्हणजे सिद्धान्ताचे आठवड्याला 28 तास. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे दोन तास, वर्गाच्या दोन तुकड्या, दोन वर्षं: 32 तास. प्रकल्प वगळून एकूण 60. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास आणि सहयोगीने 14 तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. तुमची पाच माणसं मिळून 78 तास होतात. म्हणजे पाचही पदं स्वतंत्र विभागात ठेवलीत तर पहिल्याच तपासणीत 18 तास कमी भरतील आणि एक पद धोक्यात येईल. तेही तुमच्याच हट्टाने!

आता दुसरी मांडणी बघा. चारही जुन्या विभागांतला एकेक पक्का, अनुभवी शिक्षक तुमच्या अभ्यासक्रमात चार तास शिकवेल. ते तास तुमच्या वेळापत्रकात दिसतील, पण कार्यभारात त्याच्या मूळ विभागाच्या नावावर मोजले जातील. 60 मधून 16 गेले, राहिले 44. सहयोगी एक आणि सहायक दोन अशा तीन माणसांचे 46 तास होतात. बरोबर बसलं. म्हणून माझं मत असं: तीन पदं अभ्यासक्रमाची, पूर्णपणे अभ्यासक्रमाची. उरलेली दोन एक गणिताला, एक प्राणिशास्त्राला. तुमच्या विभागातून चार तास देणारे तुम्ही स्वतःच असाल, म्हणून पदार्थविज्ञानाला पद मागू नका. समन्वयकाने स्वतःच्या विभागासाठी काही मागितलं नाही, ही एवढी एक गोष्ट बैठकीत तुमच्या फार कामाला येईल.

संगणक विभागाला या वाटणीत पद नाही, आणि ते चिडतील. त्यांना मान्य होईल असं दुसरं काही द्यावं लागेल. सर्व्हर, त्याची खोली, त्याचा वातानुकूलन यंत्रासकटचा खर्च आणि ते सांभाळणारा एक तांत्रिक सहायक त्यांच्या ताब्यात द्या. संगणकशास्त्राची चांगली मुलं कोकणात शिकवायला टिकत नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांची आहेत ती पदं तरी सगळी भरलेली आहेत का, हे एकदा सहज विचारून बघा.

परिषदेतल्या त्या सदस्यांचा मुद्दा नावातून आला आहे. संगणकशास्त्र आणि संगणकीय विज्ञान ही दोन नावं आपल्याकडे चहाच्या टपरीवरच काय, विद्यापरिषदेतही एकच समजली जातात. संगणकशास्त्र संगणकाचा अभ्यास करतं. संगणकीय विज्ञान संगणकाकडून पाऊस, प्रथिनं, पूल आणि पूर यांचा अभ्यास करून घेतं. त्यांना दोन नोबेलं सांगा. 2021चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांतले स्युकुरो मानाबे हवामानशास्त्रज्ञ होते. पृथ्वीच्या वातावरणाचं मॉडेल त्यांनी 1960च्या दशकात संगणकावर उभं केलं. 2013चं रसायनशास्त्राचं नोबेल कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना मिळालं, रेणूंची मॉडेलं संगणकावर चालवण्यासाठी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचा विभाग वेगळा आहे आणि कम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेसचा वेगळा, एकाच आवारात. पुणे विद्यापीठात मॉडेलिंग आणि सिम्युलेशन स्वतंत्रपणे शिकवलं जातं.

नोबेलने ते पाघळले नाहीत तर चिपळूण सांगा. 22 जुलै 2021चा तो महापूर आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. त्या पुराचं मॉडेल करायचं तर घाटावरच्या पावसाचं गणित लागतं, कोयनेच्या वीजघरांतून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरणाऱ्या पाण्याचा हिशेब लागतो, दाभोळच्या खाडीतून भरती किती वाजता वर चढते ते लागतं, गाळाने पात्र किती उथळ झालं ते लागतं, आणि हे सगळं वेळेत सोडवणारा कोड लागतो. पाचही माणसं कोडवाली घेतलीत तर भरती कोण बघणार? भरती बघणारी घेतलीत तर तुमचं उत्तर पूर ओसरल्यावर येईल. मुलं कशासाठी येतील, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. नुसतं प्रोग्रामिंग शिकायचं असेल तर मुलगा ठाण्याला-पुण्याला जाईलच. खाडीचं, हापूसच्या मोहोराचं, बांगड्याच्या हंगामाचं मॉडेल करायला त्याने तुमच्याकडे यावं.

आता तुमची म्हण.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो हे खरंच आहे. पण तो का राहतो? दोन्ही घरी अन्न असतं. हे घर समजतं तो तिकडे जेवला, ते घर समजतं तो इकडे जेवला. या म्हणीतला पाहुणा अन्नावाचून उपाशी नाही, हिशेबावाचून उपाशी आहे. तुम्ही तिच्यावरून असा निष्कर्ष काढलात की पाहुण्याला दुसऱ्या घरी जाऊच द्यायचं नाही. मी जरा वेगळा काढते: नव्या पाहुण्याला दोन घरं देऊ नका, घरच्या माणसाला द्या. ज्याची परिवीक्षा, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीची मुदत, संपली आहे, ज्याला गावात घर आहे, ज्याचा रुसवा कुलसचिवांनाही माहीत आहे, त्याला दुसऱ्या घरी चार तास जेवायला पाठवा. तो उपाशी राहिला तर ओरडून सांगेल. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा नवा सहायक प्राध्यापक सांगणार नाही. तो दोन्ही विभागांची नॅकची, म्हणजे मूल्यांकनाची, फाईल निमूटपणे भरत बसेल.

हे मी स्वतःवरून सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला अर्धा वेळ दुसऱ्या विभागाला 'उसनं' दिलं गेलं. दोन मस्टर, दोन साहेब. एका विभागाच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या दिवशी दुसऱ्या विभागाची बैठक. वर्षाअखेरीला गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा दोन्ही साहेबांनी 'त्या तिकडे जास्त असतात' असं लिहिलं. दोघंही खोटं बोलत नव्हते. कार्यालयातल्या जुन्या लिपिकाने तेव्हा मला एक वाक्य ऐकवलं: 'मॅडम, माणूस अर्धा करता येतो, पगारबिल अर्धं करता येत नाही. बिल जिथून निघतं तिथे सही करा.' पुढे मी तेच केलं, आणि दुसऱ्या विभागाचं काम सुटलं ते सुटलंच.

म्हणून गणिताला आणि प्राणिशास्त्राला जी दोन पदं जातील, त्यांच्यावर परिवीक्षेच्या काळात अभ्यासक्रमाचं एकही प्रशासकीय काम टाकू नका. ती माणसं आपापल्या विभागात रुजू देत. त्यांनी तिथले तास उचलले की तिथले जुने शिक्षक तुमच्याकडे यायला मोकळे होतील. पदं त्या विभागांना देण्याचं कारणच ते. फुकट मात्र देऊ नका. पद देताना विभागाकडून लेखी घ्या की चार तासांचा अनुभवी शिक्षक दरवर्षी मिळेल, विभागप्रमुख बदलले तरी मिळेल. विभागप्रमुखपद फिरतं असतं, आणि शब्द देणारा माणूस तीन वर्षांनी खुर्चीत नसतो.

कागदावर आणखी काय हवं? जो शिक्षक दोन ठिकाणी शिकवणार त्याचा मूळ विभाग कोणता, हजेरी कुठे, रजा कोण मंजूर करणार, गोपनीय अहवाल कोण लिहिणार आणि दुसऱ्याचं मत त्यात कुठल्या रकान्यात येणार. समित्या दोन्ही मिळून किती, याला मर्यादा. पीएच.डी.चे विद्यार्थी कुठल्या विषयाच्या संशोधन केंद्रात नोंदवायचे. आणि सगळे जे लिहायला कचरतात ते: अभ्यासक्रम बंद पडला तर या तीन पदांचं काय. ती कुठल्या विभागात विलीन होतील हे आजच ठरवा. मुलाखतीला येणारा हुशार उमेदवार हाच प्रश्न मनात घेऊन येतो, विचारत नाही, आणि उत्तर दिसलं नाही तर नेमणूकपत्र हातात असताना दुसरीकडे अर्ज करत राहतो.

पदोन्नतीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथे दोन विषयांच्या रीती एकमेकींना अक्षरशः मारतात. कॅसच्या, म्हणजे पदोन्नती योजनेच्या, गुणांकनात दोनपेक्षा जास्त लेखक असलेल्या निबंधाचे 70 टक्के गुण पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहाराच्या (करस्पॉन्डिंग) लेखकाला आणि प्रत्येकी 30 टक्के इतरांना मिळतात. आता गणितात लेखकांची नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने लावायची पद्धत आहे. म्हणजे आगाशे जन्मभर पहिले लेखक आणि यादव जन्मभर शेवटचे, काम कुणीही केलेलं असो. जीवशास्त्रात याच्या उलट, शेवटचं नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, म्हणजे वजनदार. संगणकवाले तर मोठ्या परिषदेतल्या निबंधाला नियतकालिकापेक्षा वर मानतात. अशी तीन माणसं एकत्र बसून पुराच्या मॉडेलवर एक निबंध लिहिणार आणि छाननी समिती पहिलं नाव बघून गुण देणार! उपाय सोपा आहे, पण निबंध पाठवण्याआधी करायचा आहे. पत्रव्यवहाराचा लेखक आळीपाळीने ठरवा, आणि कुणी काय केलं याची चार ओळींची नोंद प्रत्येक निबंधाला जोडून फाईलला लावा. ज्याने कोड लिहिला आणि तीन वर्षं चालता ठेवला त्याचंही नाव त्या नोंदीत येऊ दे. संगणकीय विज्ञानात अर्धं काम तेच असतं आणि गुणपत्रकात ते दिसतच नाही.

आता जाहिरात. इथे तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते.

सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या नेटमध्ये, म्हणजे शिक्षकपदासाठीच्या पात्रता परीक्षेत, विषय पाच: गणितीय, भौतिक, रसायन, जीव, आणि भू-वातावरण-सागर-ग्रहविज्ञान. संगणकशास्त्राची नेट युजीसीची, ती वेगळी. 'संगणकीय विज्ञान' नावाची नेट नाही, राज्याची सेटही नाही. नियमांची भाषा मात्र 'संबंधित अथवा अनुरूप विषय' अशी आहे, आणि अनुरूप म्हणजे काय ते तुम्हीच ठरवून घ्यायचं असतं. अभ्यासमंडळात यादी ठेवा, विद्यापरिषदेत मंजूर करून घ्या, मग जाहिरातीत छापा: या पदासाठी अमुक अमुक विषयांतली पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. ग्राह्य. हे न करता कुणीतरी घाईत 'विषय: संगणकशास्त्र' असं लिहून जाहिरात सोडली, तर सागरविज्ञानातली पीएच.डी. घेतलेली मुलगी छाननीतच बाद होईल. बाद नाही झाली, निवड झाली, तर मान्यतेच्या वेळी फाईल अडकेल. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट, कारण तोवर तिने जुनी नोकरी सोडलेली असते.

त्या बाईंची पदवी कशातली आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. पदार्थविज्ञानाच्या विभागात प्रोग्रामिंग शिकवतात, तेव्हा अंदाज करते की एम.एस्सी. पदार्थविज्ञानात असावी आणि सेट भौतिक विज्ञानात. तसं असेल तर 'संगणकशास्त्र' या एका शब्दाने त्यांची नऊ वर्षं दाराबाहेर राहतील, आणि दार कुणी मुद्दाम लावलं असंही म्हणता येणार नाही. यादी नीट झाली तर त्या इतरांसारख्या रांगेत उभ्या राहू शकतील. एवढंच तुमच्या हातात आहे आणि एवढंच असायला हवं. त्यांना 'यंदा तुमचं होईल' असं म्हणू नका. हे वाक्य त्यांनी नऊ वर्षांत कितीदा ऐकलं असेल याची कल्पना करा. त्यांच्याबरोबर तुमचे निबंध असतील तर निवडीच्या त्या दिवशी समितीत बसू नका, आणि तसं आधी लिहून द्या. त्यांच्या अनुभवाची प्रमाणपत्रं मात्र आजच कार्यालयातून काढून द्या. तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांचे आदेश दरवर्षी वेगळे निघतात आणि जुने सापडत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगू.

बिंदुनामावलीबद्दल, म्हणजे पदांच्या आरक्षणाच्या क्रमाबद्दल, एक वाक्य पुरे: पद दोन विभागांत वाटलं तरी बिंदू अर्धा होत नाही. पाचही पदांचे बिंदू मागासवर्ग कक्षाकडून आधी तपासून घ्या, मगच कुठलं पद कुठे ते अंतिम करा. उलटा क्रम केलात तर सगळी वाटणी पुन्हा मांडावी लागते.

निवड समितीत तीन विषयतज्ज्ञ असतात. ही नावं पॅनेलमधून येतात आणि पॅनेल विभागाकडून जातं, म्हणजे तुमच्याकडून. तिघंही एकाच विषयाचे येऊ देऊ नका. एक गणिताचा किंवा संख्याशास्त्राचा, एक ज्याने स्वतः मोठे कोड चालवले आहेत असा, एक समुद्र, हवामान किंवा जीवशास्त्राकडचा. उमेदवाराला पाठ घ्यायला लावाल तेव्हा समोर तिन्ही विषयांची मुलं बसवा आणि त्याला त्याचा प्रबंध सांगू देऊ नका. प्रबंध सगळ्यांनाच सांगता येतो. एक छोटा प्रश्न द्या: बंदरावरच्या भरतीच्या नोंदींत मधले सहा दिवस गायब आहेत, वादळात यंत्र बंद पडलं होतं. काय कराल? जो लगेच सूत्राकडे धावतो त्याला शंभरातले साठ. जो आधी विचारतो, 'त्या सहा दिवसांत बंदरावर कोण होतं, त्याच्याकडे वहीत काही आहे का,' त्याला मी घेईन.

माणसं मिळणं आणि माणसं टिकणं यांत कोकणात बरंच अंतर आहे. मुलाखती जूनच्या शेवटी ठेवू नका. मुसळधार पावसात गाडी अडकून पडलेला, भिजलेला उमेदवार तुमच्या गावाबद्दल काय मत करून घेईल? आणि उन्हाळ्यात ठेवल्यात तर तो आंबे खाऊन भुलेल आणि पहिल्या पावसात पस्तावेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. तीन पदं शक्यतो एकाच वेळी भरा. एकटा आलेला मुलगा दोन वर्षांत पुण्याला जातो. तिघं बरोबर आले तर एकमेकांशी बोलायला तरी कुणी असतं, विषयाचंही आणि खाणावळीचंही. नवरा-बायको दोघंही संशोधक असतील तर ते ओझं समजू नका, उलट लवकर हेरा. निवड गुणवत्तेवरच होईल, पण दुसऱ्याने जवळपास कुठे अर्ज करता येईल, दापोलीच्या कृषी विद्यापीठात, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात, रत्नागिरीच्या शिरगावातल्या मत्स्य महाविद्यालयात, एवढी माहिती देणं नियमाबाहेर नाही. आणि वीज! तौक्ते चक्रीवादळ 2021च्या मे महिन्यात येऊन गेलं तेव्हा किनाऱ्यावरची गावं किती दिवस अंधारात होती ते आठवा. ज्याचं संशोधन आठवडाभर चालणाऱ्या गणनांवर अवलंबून आहे त्याला जनरेटरबद्दल मुलाखतीतच खरं सांगा.

पाचांत बसत नाहीत अशी माणसंही लागतील. त्यांच्यासाठी युजीसीने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली आहे. संस्थेतल्या मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात आणि ती मंजूर पदांत मोजली जात नाहीत. क्षेत्रातला किमान 15 वर्षांचा अनुभव हवा, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, अपवाद म्हणून आणखी एक. शिक्षकी पेशातल्यांना मात्र ही वाट नाही, निवृत्तांनाही नाही, तेव्हा माझा विचार मनातून काढा. आपल्या जिल्ह्यांतली किती माणसं मुंबई-पुण्यात हवामानात, महासंगणकात, जहाजबांधणीत उभा जन्म काढून बसली आहेत! चाकरमानी गणपतीला गावी येतो तेव्हा त्याला पकडावं असं मनात येतं, पण तेव्हा कॉलेजच बंद असतं आणि तो आरतीत असतो. तरी त्याच आठ दिवसांत त्याच्या अंगणात जाऊन बोलून या. फोनवर 'बघू' म्हणणारा माणूस गावच्या ओटीवर नाही म्हणत नाही. त्याला पेपर देऊ नका, प्रकल्प द्या. पंधरवडाभर सलग येऊन राहील तेव्हाचा.

आणखी एक, म्हणजे तुमच्याबद्दल. समन्वयक या शब्दाला आपल्या नियमांत फारसं बळ नाही. विभागप्रमुखाला आहे. तीन पदं अभ्यासक्रमाची झाली की त्यांचा प्रमुख कोण, हा प्रश्न येईल आणि सहयोगी प्राध्यापक म्हणून नवा आलेला माणूस कागदावर तुमच्याहून वरचढ ठरेल. त्याला तुम्ही तयार आहात का? पत्रात स्वतंत्र विभागाबद्दल तुम्ही तीनदा लिहिलं आहे, आणि तिन्ही वेळा 'आपला' म्हटलं आहे. माझं म्हणणं आहे की ते पद खरोखर बाहेरून भरा आणि पहिल्या दोन वर्षांत त्याला तुमचे कान आणि ओळखी द्या. तुम्हाला ते जड जाणार असेल तर तेही आत्ताच कुलगुरूंना सांगा, नेमणूक झाल्यावर नको.

विभागप्रमुखांची पुढची बैठक बोलावण्याआधी गणिताच्या सरांकडे एकटे जा. तासांचा तक्ता कागदावर घेऊन जा. त्यांचे चार तास त्यांच्याच नावावर राहतात ही ओळ त्यांना स्वतः वाचू द्या, तुम्ही वाचून दाखवू नका.

अभ्यासमंडळाची बैठक कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जाहिरातीच्या आधी असेल तर विषयांची यादी या आठवड्यात तयार करा. नंतर असेल तर हे पत्र बाजूला ठेवा, उद्याच कुलसचिवांकडे जाऊन जाहिरात महिनाभर थांबवून घ्या, आणि मग बाकीचं बघा.